हशा आला, पण तिचा नकार ऐकू आला नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुमच्या दोन अंकी नाटकाचे १४ प्रयोग झाले. दलालाच्या घोळामुळे एकच फ्लॅट दोघांना भाड्याने मिळतो, आधी भांडणं, मग प्रेम, शेवटी लग्न. प्रेक्षक हसतात, पडदा पडल्यावर टाळ्याही भरपूर मिळतात. परीक्षणं दोन आली आणि दोन्ही थंड निघाली. एकात म्हटलंय, दोन घटका करमणूक होते पण हाती काही लागत नाही. दुसऱ्यात म्हटलंय, ही दोघं प्रेमात का पडतात आणि पडल्यावर इतका वेळ गप्प का राहतात, दोन्ही कळत नाही. दहाव्या प्रयोगानंतर बुकिंग उतरलं. निर्माते म्हणतात दलालाचे दोन प्रवेश वाढवा, लोक त्याला हसतात. घरचे एक ज्येष्ठ रंगकर्मी म्हणतात शेवटी आजच्या नात्यांवर चार ठोस वाक्यं घाला. आणि तुम्ही विचारता, विश्वास कुणावर ठेवायचा, प्रेक्षकांवर की समीक्षकांवर?

मी सुरुवातीची दहा वर्षं विंगेत उभा राहून रंगमंच व्यवस्था सांभाळली आणि पुढची वीस वर्षं नाटकं बसवण्यात घालवली. त्यात हलक्याफुलक्या प्रेमनाटकांचा वाटा मोठा आहे आणि मला हा नाट्यप्रकार मनापासून आवडतो. माझं उत्तर असं आहे: दोघंही खरं बोलताहेत, आणि बहुतेक वेळा एकाच जागेबद्दल बोलताहेत. प्रेक्षक ती जागा खोकून दाखवतो, समीक्षक लिहून दाखवतो. ती जागा संहितेत नेमकी कुठे आहे, हे मात्र दोघांनाही सांगता येत नाही. ते शोधणं दिग्दर्शकाचं काम.

माझ्याच एका नाटकाचं सांगतो. नायक बँकेत, नायिका सरकारी दवाखान्यात नर्स, समोरासमोरचे दरवाजे. तिची रात्रपाळी असते म्हणून सकाळी आलेली तिची दुधाची पिशवी वर्षभर तो आपल्या फ्रिजमध्ये ठेवतो. पहिल्या अंकाच्या शेवटाकडे तो पिशवी हातात घेऊन तिच्या दारात उभा राहतो आणि म्हणतो, "वर्षभर तुमचं दूध मी आत घेतोय. आता दुधाबरोबर मलाही आत घ्या." नाटकातला सगळ्यात मोठा हशा इथे यायचा. कधीकधी त्यावर टाळीही पडायची. त्यानंतर लगेच तिचं वाक्य होतं: "मी बदली मागितलीय. सोलापूरला." दुसऱ्या अंकात तो बदलीचा हुकूम येतो आणि सगळा पेच तिथून घट्ट होतो.

एका परीक्षणात छापून आलं की दुसऱ्या अंकात बदलीचा हुकूम आकाशातून पडतो, लेखकाला पेच हवा म्हणून. मी फार चिडलो. पहिल्या अंकात तिच्याच तोंडून सांगितलेली गोष्ट यांनी ऐकलीसुद्धा नाही, असं मी चार जणांना बोलून दाखवलं. मग गडकरी रंगायतनच्या एका प्रयोगाला विंगेत न थांबता बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. दुधाचं वाक्य आलं, हशा उसळला, आणि त्या हशाच्या खाली तिचे ओठ हलताना मला दिसले. आवाज आला नाही. पुढच्या अंकात हुकुमाचा लिफाफा आला तेव्हा माझ्या आजूबाजूला तीन-चार ठिकाणी खोकले सुरू झाले, एकाने मोबाइल काढून वेळ बघितली. समीक्षकाने लिहिलं होतं तेच हे खोकले सांगत होते. परीक्षण लिहिणाऱ्याने खरोखरच ते वाक्य ऐकलं नव्हतं, कारण ते कुणालाच ऐकू येत नव्हतं. सगळ्यात यशस्वी जागेनेच नाटकाचा पाया बुजवला होता.

ते वाक्य मी मोठ्याने म्हणायला लावलं नाही. ओरडून सांगितलेल्या नकारात नकार राहत नाही. आम्ही एक छोटी हालचाल घातली. ती त्याच्या हातून पिशवी घेते, ओट्याकडे जाते, कात्रीने कोपरा कापते, दूध पातेल्यात ओतते, मग लायटर. टक. टक. तिसऱ्या 'टक'ला गॅस पेटतो. हशा चढतो, शिखरावर जातो आणि उतरतो, याला सात-आठ सेकंद लागतात, आणि ती सात-आठ सेकंदं तिला हाताशी काम मिळालं. शेवटच्या 'टक'पर्यंत सभागृह शांत होऊन तिच्या पाठीकडे बघत असायचं. पाठमोरीच ती म्हणायची, "मी बदली मागितलीय. सोलापूरला." पहिल्यांदा हे केलं त्या रात्री माझ्या पुढच्या रांगेतली बाई नवऱ्याला हळूच म्हणाली, "अहो, ही जाणार." दुसऱ्या अंकात लिफाफा आला तेव्हा खोकला आला नाही. खालून 'च्च' असा आवाज आला, दोनशे-तीनशे माणसांचा मिळून एक. दुधाचा हशा जेवढा होता तेवढाच राहिला, एक शब्दही कापावा लागला नाही.

म्हणून तुमच्या दुसऱ्या परीक्षणातलं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. 'इतका वेळ गप्प का राहतात कळत नाही,' असं कुणी लिहितं तेव्हा पहिली शंका अशी घ्यायची की कारण संहितेत आहे, पण कशाखाली तरी दबलंय. तुमच्या नाटकात ते दलालाखाली दबलं असावं अशी माझी अटकळ आहे. तो आला की लोक हसायला तयार होऊन बसतात, आणि त्याच्या एक्झिटची टाळी चालू असताना ती दोघं जे पहिलं बोलतात ते वाया जातं. संहिता काढा, दलालाच्या प्रत्येक एक्झिटनंतरची दोन वाक्यं वाचा. त्यात प्रेमाबद्दलची किंवा भीतीबद्दलची एखादी महत्त्वाची गोष्ट असेल तर तुमचा आजार सापडला. अशा स्थितीत दलालाचे आणखी दोन प्रवेश वाढवणं म्हणजे ज्याने वाक्यं बुजतात तेच वाढवणं.

मोठ्या हशाची ही भीती फार जुनी आहे. जॉर्ज बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन', म्हणजे भाषेचा प्रोफेसर एका फुलवालीला शुद्ध बोलायला शिकवतो ते नाटक, ११ एप्रिल १९१४ला लंडनच्या हिज मॅजेस्टीज थिएटरात आलं, त्याआधी १९१३मध्ये व्हिएन्नात ते जर्मनमध्ये झालं होतं. लंडनच्या पहिल्या प्रयोगात फुलवालीच्या तोंडी येणाऱ्या एका असभ्य शब्दावर लोक एक मिनिटाहून अधिक वेळ हसत राहिले. एक मिनिट रंगमंचावर किती लांब असतं ते तुम्हाला माहीत आहे. पुढे प्रोफेसरचं काम करणाऱ्या बीअरबोम ट्रीने शेवटी पडदा पडता पडता नायिकेकडे फुलं फेकायला सुरुवात केली, म्हणजे दोघांचं जमलं असं लोकांना वाटावं. शॉ संतापला. ट्रीचं म्हणणं, माझ्या शेवटाने पैसे मिळताहेत, आभार माना. शॉचं म्हणणं, असा शेवट करणाऱ्याला गोळी घातली पाहिजे. १९१६मध्ये शॉने पुस्तकाला जोडून खास लेख लिहिला की ती मुलगी प्रोफेसरशी नाही, तिच्यावर भाळलेल्या फ्रेडीशी लग्न करते. लोकांनी त्याचं फारसं मनावर घेतलं नाही. दोन माणसं तीन तास एकमेकांशी जीव तोडून भांडली की प्रेक्षक त्यांचं लग्न मनात लावून मोकळा होतो. ही प्रेक्षकाची चूक मानायला मी तयार नाही. लेखकाने त्या दोघांत जी ऊब भरली तिची ती पावती आहे. तुमच्या नाटकात शेवटी लग्न आहे, पण प्रेक्षकाने ते तुमच्या आधी मनात लावलंय का? माझ्या मते तुमच्या यशापयशाची खरी कसोटी तिथे आहे, हशांच्या संख्येत नाही.

याच शॉची दुसरी बाजूही बघण्यासारखी आहे. त्याआधी वीसेक वर्षं, १४ फेब्रुवारी १८९५ला लंडनच्या सेंट जेम्स थिएटरात ऑस्कर वाइल्डचं 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट' आलं. तेव्हा शॉ 'सॅटरडे रिव्ह्यू'चा नाट्यसमीक्षक होता. सभागृह हसून लोळत होतं. शॉने लिहिलं ते असं की मलाही हसू आलं, पण विनोदाने मला आतून हलवलं नाही तर ती संध्याकाळ वाया गेली असं मला वाटतं. विल्यम आर्चर या दुसऱ्या मोठ्या समीक्षकाची अडचण वेगळी होती. त्याला नाटक आवडलं, पण त्यात ना कलेचा प्रश्न ना नीतीचा, मग समीक्षकाने लिहायचं तरी काय, असं त्याने प्रामाणिकपणे मांडलं. ते नाटक आज सव्वाशे वर्षांनंतरही जगभर होतं. पण मला आर्चरच्या अडचणीबद्दल खरी सहानुभूती वाटते. हलकं नाटक वर्णन करायला शब्द कमी पडतात. विषय जड असला की परीक्षणाचे चार परिच्छेद विषयावरच निघतात. विषय 'दोघं प्रेमात पडतात' एवढाच असला की मग टायमिंग, थांबे, कुणाकडे कुणी कधी बघितलं, हे लिहावं लागतं आणि त्याला फार बारीक नजर लागते. ती नसली की 'दोन घटका करमणूक' हे तयार शब्द हाताशी असतातच.

तेव्हा 'हाती काही लागत नाही' या वाक्यावर चिडू नका आणि घाबरून शेवटी भाषणही घालू नका. हाती लागणं म्हणजे संदेश, असा अर्थ आपल्याकडे उगाच रूढ झालाय. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संशयकल्लोळ' घ्या. मूळ धागा फ्रेंच नाटककार मोलिएरचा, मधे मर्फी नावाच्या आयरिश नाटककाराचा, आणि देवलांनी ते इतकं आपलं केलं की फाल्गुनराव आणि कृत्तिका हे संशयी नवरा-बायको आपल्या शेजारी राहत असावेत असं वाटतं. आधी ते गद्यात 'फाल्गुनराव' म्हणून होतं, १९१६ साली पदांसह 'संशयकल्लोळ' झालं, आणि त्याच वर्षी देवल गेले. त्यात एका तसबिरीची गंमत आहे. अश्विनशेठची तसबीर त्याच्या प्रेयसीच्या, रेवतीच्या हातून पडते ती कृत्तिकेच्या हाती जाते, नवरा ती तिच्या हातात बघतो आणि संशयाचं चाक फिरायला लागतं. मी हे नाटक वेगवेगळ्या गावी बघितलंय आणि हशा नेहमी एकाच कारणाने येतो: तसबीर कुणाची, कुठून आली, हे प्रेक्षकाला ठाऊक असतं आणि फाल्गुनरावाला नसतं. एकेक वाक्य सुटं काढून म्हटलं तर त्यातली निम्मी वाक्यं विनोदी वाटणारही नाहीत. माणसाच्या स्थितीवर हसू येतं, शब्दावर नाही. हे हसू पाया बुजवत नाही, उलट प्रत्येक हशाबरोबर प्रेक्षकाला गोष्ट अधिक कळते. शंभराहून अधिक वर्षं लोकांच्या हाती हेच लागत आलंय.

तुमच्या फ्लॅटच्या नाटकात 'तसबीर' कोणती? एका खोलीत दोघांच्या दोन कपाटांमध्ये अशी एखादी वस्तू असायला हवी, की जी प्रेक्षकाला दिसते आणि त्या दोघांपैकी एकाला दिसत नाही. तुम्ही पाठवलेल्या कथासारात मला ती सापडली नाही.

पु. लं.नी 'पिग्मॅलियन'वरून केलेली १९७५ची 'ती फुलराणी' अजून एका गोष्टीसाठी आठवते. भक्ती बर्वेंची मंजुळा प्रोफेसरवर चिडून एकटीच बोलते, त्या स्वगतात लोक खळखळून हसतात, आणि त्याच वेळी ती जिंकावी असं त्यांना पोटातून वाटत असतं. हसणं आणि बाजू घेणं एकाच श्वासात. प्रेमाच्या सुखांत नाटकाला याहून मोठा प्रतिसाद मिळत नाही. विंगेतून तो ओळखायला शिका. नुसत्या वाक्यावरचा हशा फटाक्यासारखा फुटतो आणि लगेच संपतो, त्यानंतर खुर्च्या करकरतात, माणसं सैल होऊन मागे टेकतात. माणसावरचा हशा सावकाश वर येतो, काहींना आधी, काहींना नंतर, आणि त्यानंतर लोक पुढे झुकलेले असतात.

आता तुमची दुसरी काळजी. शनिवारी रात्री दादरला लोक फुटेस्तोवर हसले आणि रविवारी दुपारी उपनगरात त्याच वाक्यांना नुसतं हसू आलं, म्हणून नट खचले, असं तुम्ही लिहिलंय. यात नाटकाचा दोष शोधण्याआधी प्लॅन, म्हणजे कोणत्या खुर्च्या विकल्या गेल्या त्याचा तक्ता, बघा. नऊशे खुर्च्यांच्या सभागृहात अडीचशे माणसं विखरून बसली तर हशा एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. प्रत्येक जण एकटा हसतो आणि एकटा माणूस मोठ्याने हसत नाही. तिसऱ्या घंटेआधी मागच्या लोकांना विनंती करून पुढे बोलवा, बाल्कनी विकूच नका. दुपारच्या प्रयोगाला वयस्क मंडळी जास्त असतात. त्यांना वाक्य कळायला वेळ लागत नाही, ऐकू यायला लागतो. त्या प्रयोगाला नटांनी वेग वाढवला की सगळं हातातून जातं, आणि हशा कमी झाला की नट नेमका वेगच वाढवतो. हे विंगेतून दर वेळी सांगावं लागतं. मीही सांगतो, तेच नट असले तरी सांगतो.

पुण्यात बालगंधर्वला हसत नाहीत, अशी तक्रार नव्या मंडळींकडून ऐकतो. माझा अनुभव वेगळा आहे. तिथे वाक्य पूर्ण ऐकून मग हसतात. अर्ध्या वाक्यावर हशाची सवय लागलेल्या नटाला ते शेवटचे दोन शब्द शांततेत म्हणावे लागतात आणि तो घाबरतो.

बुकिंगबद्दल. पहिले आठ-दहा प्रयोग ओळखीच्यांचे, जाहिरातीचे आणि नटाच्या मालिकेचे असतात. पुढचे प्रयोग लोकांच्या तोंडून चालतात. 'खूप हसलो' हे वाक्य ऐकून माणूस 'हो का, वा' म्हणतो आणि विसरतो. 'ती दोघं बघ एकदा' असं ऐकून तो तिकीट काढतो. 'एका लग्नाची गोष्ट' १९९८ साली आलं, श्रीरंग गोडबोल्यांचं लेखन, मंगेश कदमांचं दिग्दर्शन, अशोक पत्कींचं संगीत. लोकांनी प्रशांत दामले आणि कविता लाड ही जोडी इतकी घट्ट धरून ठेवली की वीस वर्षांनी, २०१८मध्ये त्याच दोघांची 'पुढची गोष्ट' रंगमंचावर आली आणि ती बघायला लोक घरातल्या पुढच्या पिढीला घेऊन आले. त्यातलं सुखाबद्दलचं गाणं सभागृह बरोबरीने म्हणतं. हशा भरपूर असलेल्या त्या नाटकातून लोक घरी घेऊन जातात ते गाणं आणि ती जोडी.

तेव्हा मध्यंतरात चहाच्या टपरीजवळ उभे राहा. लोक वडापाव खाताना दलालाची वाक्यं एकमेकांना म्हणून दाखवत असतील तर छान वाटेल, पण ते पुरेसं नाही. त्यांच्यात कुणीतरी 'आता ती काय करेल गं?' असं विचारतंय का, तेवढं ऐका. पडदा पडल्यावर आत भेटायला येणाऱ्यांचं ऐकण्यात फारसा अर्थ नाही. तिथे सगळे 'मस्त झालं' म्हणतात. 'नेपथ्य फार छान' असं तीन जणांनी ओळीने म्हटलं तर मात्र रात्री संहिता उघडा.

परीक्षण कसं वाचायचं तेही सांगतो, कारण ते कुणी शिकवत नाही. आधी विशेषणं पेन्सिलने खोडा. 'खुसखुशीत', 'विरंगुळा', 'हलकंफुलकं', 'उथळ', सगळी. जे उरेल त्यात कथानकाचा सारांश असतो. तो नीट वाचा. समीक्षकाने तुमची गोष्ट चुकीची सांगितली असेल तर रागावू नका, ती जागा रंगमंचावर चुकीची पोचली आहे. एखादा प्रवेश त्याने गाळलाच असेल तर तो प्रवेश त्याच्या लक्षात राहिला नाही. तुमच्या पहिल्या परीक्षणात मोलकरणीचा, दलालाचा, पोलिसाचा प्रवेश आहे. पावसाच्या रात्री ती दोघं मेणबत्ती लावून बसतात तो प्रवेश, ज्याच्याबद्दल तुम्ही मला इतकं प्रेमाने लिहिलंय, त्याचा उल्लेखही नाही. 'हाती काही लागत नाही' याचा उलगडा मला त्या गाळलेल्या प्रवेशात दिसतो.

वेगाबद्दल समीक्षकाने जे लिहिलं असेल ते थोडं बाजूला ठेवा, कारण तो शुभारंभाला किंवा दुसऱ्या-तिसऱ्या प्रयोगाला आलेला असतो. अशा नाटकाचे थांबे प्रेक्षकांबरोबर पंधरा-वीस प्रयोगांत बसतात. रचनेबद्दल जे लिहिलंय ते मात्र कधीच शिळं होत नाही.

पुढचा प्रयोग तुमचा कल्याणला आहे असं लिहिलंत. त्या प्रयोगाला प्रॉम्प्टिंगची वही दुसऱ्या कुणाकडे द्या आणि बाल्कनीत मागे बसा. मेणबत्तीच्या प्रवेशात तिला आईचा फोन येतो, त्यावर ती जे बोलते त्यातून ती त्याला 'हो' का म्हणत नाही ते कळायला हवं. त्याआधी दलाल छत्री विसरून परत येतो आणि त्यावर मोठी टाळी घेऊन जातो. टाळी आणि फोनची रिंग यांच्यात तिला काय करायला दिलंय तुम्ही? काहीच नसेल तर तिच्या हातात काडेपेटी द्या. वाऱ्याने मेणबत्ती विझू दे, ती तिने पुन्हा पेटवू दे, आणि ज्योत स्थिर झाल्यावर रिंग वाजवा. प्रयोग झाला की मला फोन करा, बाल्कनीत काय ऐकू आलं ते सांगा.